पळसाची पानं घेऊन उज्जैनला

२४ डिसें. ९९, शुक्र. बऱ्हाणपूर

नाताळची सुटी लागली. हजेरीपटाची बेरीज करून तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. ही डायरी जानेवारीत मिळाली होती. वर्षभर हिच्यात नुसते फोन नंबर लिहिले. शेवटचा आठवडा कोरा आहे.

संध्याकाळी सुरेशभाऊजी आले. हातात फुलस्केप कागद, वर ठळक अक्षरात 'उज्जैन : कमी खर्चात चार दिवस'. खाली सतरा ठिकाणं, प्रत्येकापुढे टिक करायला चौकोन. महाकाळ, हरसिद्धी, गोपाळ मंदिर, वेधशाळा, काळभैरव... अकरावं सिद्धवट, त्याच्यापुढे 'विधी'. बारावं मंगळनाथ.

दिरांचा स्वभाव लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं पाहते आहे. एका फेरीत दोन कामं झाली नाहीत तर त्यांना घास जात नाही. जुनी का होईना, व्हॅन घेतली आहे, मग आगगाडी कशाला. राहायला फ्रीगंजात कुसुममावशी आहेत, सासूबाईंची धाकटी बहीण. स्टोव्ह, शिधा घरून न्यायचा. विधीसाठी जायचंच आहे, तर वासूला उज्जैन दाखवून होईल.

विधी म्हणजे प्र.चा, वासूच्या बाबांचा. या मंगळवारी बारा वर्षं झाली. स्टोव्हचा वॉशर घेऊन येतो म्हणून गेले. आमची लेक वासू तेव्हा आठ वर्षांची होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म करायचं असतं. मग तो गेला असं सगळ्यांनी धरायचं.

जळगावच्या मंडळींना वासू पसंत आहे. एकच म्हणणं, संक्रांतीच्या आत मुलीच्या वडिलांचं काय ते नक्की करा. पत्रिकेत नाव कसं छापायचं हा त्यांचा प्रश्न.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" भाऊजींनी विचारलं.

म्हटलं, उरका.

खरंच तसं वाटतं. हळदीकुंकवाला बोलावतात आणि ओटी भरताना एकमेकींकडे बघतात. सवाष्ण म्हणून वाढावं की नाही, त्यांनाही कळत नाही, मलाही नाही. एकदाचं संपू दे.

२६ डिसें., रवि.

भाऊजी असीरगडाच्या बाजूला जाऊन पळसाची पानं घेऊन आले. उज्जैनला विकत मिळतात, पण आपल्या रानात फुकट असताना विकत का घ्यायची. देठासकट तीनशे साठ लागतात. डोक्याला चाळीस, मानेला दहा, दोन्ही हातांना मिळून शंभर. पुढचं मी ऐकलं नाही. वाटेत फाटतील म्हणून वीस जास्त आणली आहेत.

पोतं ओलं करून त्यात भरली. कशासाठी ते भाऊजींनी फक्त मला सांगितलं. "मंदाला आत्ता नको, ती घाबरते." मंदा म्हणजे माझी जाऊ. विधी आहे हे तिला माहीत आहे, पानांचं नाही.

रात्री पोत्यावर पाणी शिंपडायला मला सांगितलं आहे. शिंपडलं. मेथीच्या जुडीवर शिंपडतो तसंच.

वासूने बॅग भरली. कॉम्प्युटरच्या क्लासात त्यांना सांगितलंय की एक तारखेला सगळी यंत्रं बंद पडणार, त्यांना दोन हजार साल कळणार नाही. म्हणाली, "आई, उज्जैनला काय बघायचंय तुला?" मी म्हटलं, आधी स्वेटर घे.

२७ डिसें., सोम. उज्जैन

पहाटे निघालो. पुढे भाऊजी आणि मंदा, मागे मी, वासू, स्टोव्ह, शिधा, पोतं. खंडव्यापर्यंत बरं. पुढे रस्ता म्हणण्यासारखं काही नाही, ट्रक जिथून जातील तिथून जायचं. भाऊजी उतारावर इंजिन बंद करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. मंदा डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती.

मोरटक्क्याला नर्मदा. वासूने नाणं टाकलं. मला म्हणाली, तूही टाक. टाकलं. काय मागायचं ते ठरेपर्यंत पूल संपला.

चोरलच्या घाटात दुपारी थांबलो. झाडाखाली सतरंजी. मंदाने डबे काढले, दशम्या, चटणी, कांदा, भाऊजींनी खास सांगून केलेली वांग्याची भाजी. ताटं आणायची राहिली होती. मंदा म्हणाली, "असू दे, ह्यांनी पानं आणलीत की पोतंभर, किती हुशार," आणि पोत्याचं तोंड सोडलं. भाऊजी तेव्हा ओढ्यावर रेडिएटरचं पाणी आणायला गेले होते.

मी पाहत होते. ती पानं मोजून घेत होती, सहा-सहा, काडीने टाचत होती. चौघांच्या चार पत्रावळी झाल्या, भाऊजींच्या भाजीसाठी आणि कांदा-चटणीसाठी एकेक जास्तीची. एकूण छत्तीस पानं. मी बोलले नाही. का बोलले नाही ते आता लिहायला बसले तरी सांगता येत नाही. तोंड उघडायचा कंटाळा आला, एवढंच.

भाऊजी आले. पत्रावळी पाहिल्या. कळशी हातात तशीच. मग माझ्याकडे पाहिलं. मी दशमीचा तुकडा मोडला. तेही बसले आणि जेवले. मंदा म्हणत होती, पानावर चव किती वेगळी लागते.

इंदूरला गर्दी, धूर, एक चुकीचं वळण. संध्याकाळी उज्जैन. देवास गेटला भाऊजींनी उगीच दोन लॉजमध्ये भाव विचारला आणि समाधानाने मावशींकडे आले.

मावशी दारात. केस सगळे पांढरे. "किती उशीर करून राहिलात तुम्ही लोक! मी दोनदा चाय ठेवली न् दोनदा मीच पिऊन टाकली." माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

२८ डिसें., मंगळ.

सकाळी अंगणात भाऊजी पानं मोजत होते. तीनशे चव्वेचाळीस. सोळा कमी.

"मंदाला काही बोलू नका," मला म्हणाले. "भैरवगडाच्या रस्त्याला झाडं असतील. तोडून घेऊ."

मावशी आतून आल्या. पोतं पाहिलं. "अरे वा, खाखऱ्याची पानं! सुरेश, तू तर कमाल केलीस. आज दाल-बाफले करते, याच्यावरच वाढते सगळ्यांना." आणि पोतं उचलून स्वयंपाकघरात न्यायला निघाल्या. भाऊजींनी दुसरं टोक धरलं. कशासाठी आहेत ते हळू आवाजात सांगितलं. मावशींनी पोतं सोडलं नाही. म्हणाल्या, "मग काय झालं. दुसरी आणू. बाजारात मिळतात ना. ही खाऊन टाकू." भाऊजींना जोर लावून पोतं ओढावं लागलं. सत्तरीची बाई इतकी हट्टाला पेटलेली मी पाहिली नव्हती.

बाफले स्टीलच्या ताटात खाल्ले.

पाहिलं : महाकाळ (रांग दीड तास), हरसिद्धी, रामघाट, गोपाळ मंदिर. भाऊजींनी चार टिका केल्या. हरसिद्धीच्या दीपमाळा उंच, काळ्या, तेलकट. वासूने विचारलं, सगळे दिवे कसे लावतात. माणसं चढतात, पुजारी म्हणाला, एकेक दिवा लावत वर जातात आणि लावलेल्या दिव्यांवरूनच खाली येतात. वासूला ते फार आवडलं. मी मान हलवली.

महाकाळात सगळे हात जोडून काही ना काही पुटपुटत होते. मी बघून घेतलं. गार फरशी, फुलांचा चिखल, पाठीत कोणाचं तरी कोपर. मंदा रडली. मला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. चपला सापडल्या.

विधी गुरुवारी, ३० ला. आमच्या गावच्या गुरुजींनी अष्टमी काढून दिली आहे. भाऊजींना मिशी काढावी लागणार. आज आरशासमोर उगाच उभे होते.

२९ डिसें., बुध. दुपार

सकाळी वेधशाळा. वासूला दाखवायची म्हणून भाऊजींनी मुद्दाम वर घेतली होती. चुन्याचा मोठा जिना, दोन्हीकडे कमानी, त्यांच्यावर रेषा. जिन्याची सावली रेषेवर पडते, ती वेळ. घड्याळात वेगळीच वेळ होती, जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. तिथला माणूस म्हणाला, "बहनजी, गलत कोणीच नाही. घड्याळ पूर्ण देशाचं, ही सावली सिर्फ उज्जैनची." एवढं एक मला आवडलं. पाच मिनिटं सावली सरकताना पाहत उभी राहिले.

मग काळभैरव. देवाला दारू चढवतात. भाऊजींनी बाटली घेतली नाही, म्हणाले पुढच्याची पाहू. पुढच्याने चढवली. बशी देवाच्या तोंडाला लावली, बशी रिकामी. भाऊजींनी टिक केली.

सिद्धवट तिथून जवळच. विधी उद्याचा. पण उद्या पंड्यांकडे गर्दी असते, त्यांच्या वंशावळीच्या वहीतली नोंद आज करून ठेवली तर उद्याचा तासभर वाचेल आणि मंगळनाथ, सांदीपनी आश्रम दोन्ही होतील, असं भाऊजींनी काढलं. रीत अशी की आधी विधी, मग वहीत नोंद. भाऊजींनी उलटं केलं. वेळ वाचवायला.

गुरुजी पन्नाशीचे, कानाला मफलर. मराठी बोलतात, मधे मधे घसरतात. "निंबोळकर? बऱ्हाणपूरवाले? हां हां, आहेत तुमचे आमच्याकडे." लाल कापडातली लांबट वही काढली. आडनावावरून पान. आजेसासरे, सासरे, त्यांच्या सह्या, मोडी अक्षरं. वासू वाकून वाचत होती. मंदा वडाला दोरा गुंडाळायला गेली होती.

गुरुजींनी पान उलटलं, बोट ठेवून वाचलं, थांबले.

"ये प्रभाकर विष्णू निंबोळकर कोण?"

"माझा भाऊ," भाऊजी म्हणाले. "त्याचाच विधी उद्या."

"हे तर ९४ साली येऊन गेलेत."

मी वाचलं. निळी शाई. 'प्र'चा तो पाय लांब ओढलेला, रजेच्या अर्जावर असायचा तसाच.

'दि. १७-१-९४. प्रभाकर विष्णू निंबोळकर, बऱ्हाणपूर. मातोश्री कै. राधाबाई यांचे पिंडदान केले. पत्नी सौ. नलिनी, मुलगी वासंती. सर्व खुशाल.'

सासूबाई ९३ च्या श्रावणात गेल्या. तेव्हा ते घरातून जाऊन पाच वर्षं उलटली होती. आणि आणखी पाच महिन्यांनी ते इथे या पाटावर बसले होते.

वासू म्हणाली, "बाबांचं अक्षर असं आहे?" तिला आठवत नव्हतं.

भाऊजी खाली बसले. "आईचं मी केलं," एवढंच म्हणत होते. "आईचं मी एकट्याने केलं."

गुरुजींनी वही झाकली नाही. म्हणाले, "देखो बाई, शेवटची खबर लागते तिथून बारा वर्षं धरायची. ८७ पासून नाही चालत आता. ९४ पासून. म्हणजे २००६." बोटांवर मोजून पुन्हा म्हणाले, "२००६."

मला काय वाटलं ते लिहायचं होतं म्हणून ही डायरी उघडली. वडाच्या पारावर माकड बसलं होतं, त्याने मंदाची पिशवी ओढली. ते मला नीट आठवतंय.

तोच दिवस, संध्याकाळ

मावशींना भाऊजींनी सांगितलं. मावशी गहू निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे. इथेच उतरला होता तो."

भाऊजींचा आवाज चढला. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले. बाहेर व्हॅनचं दार उघडून बसले.

मावशी सांगत होत्या, मी ऐकत होते. "दुपारी दारात उभा. अंगात स्वेटर, पायात रबराच्या चपला. मी ओळखलंच नाही पहिले. चाय दिली. आईचं विचारलं, मी सांगितलं, ती तर गेली रे श्रावणात. दोन पोळ्या खाल्ल्या. तुझं विचारलं, वासूचं विचारलं, कितवीत आहे. मी म्हटलं नववीत. कुठे राहतोस म्हटलं तर म्हणे इकडे-तिकडे. घरी जा म्हटलं, खूप म्हटलं. माझे पाय धरून बसला, मावशी कोणाला सांगायचं नाही, सांगितलंस तर मी जगणार नाही. मी काय करू मग? बहिणीचं पोर."

"अजून काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. सगळे कसे आहेत म्हणाला. मी म्हटलं सगळे खुशाल आहेत." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "आणखी काय सांगायचं होतं ग मी? तू शाळेतून येऊन ट्यूशन घेतेस, तुझ्या हातात बांगड्या आहेत पण तुला कोणी वाढत नाही, हे सांगायचं होतं?"

म्हणजे तो शब्द त्याचा नव्हता. मावशींनी दिला, त्याने वहीत उतरवला.

आत्ता लक्षात आलं, वर मी 'त्याने' लिहिलं आहे. बावीस वर्षांत अरेतुरे केलं नव्हतं, मनातसुद्धा. राहू दे तसंच.

मला मावशींचा राग यायला हवा. शोधला. सापडला नाही. मी त्यांच्याबरोबर गहू निवडले.

३० डिसें., गुरु.

सकाळी सातला भाऊजी दाढी करून तयार. मिशी आहे. रात्रभर झोपले नसावेत. मला अंगणात बोलावलं.

"वहिनी, रामघाटावर दुसरे गुरुजी आहेत. मी काल जाऊन विचारून आलो. ते वही बघत नाहीत. आजची तिथी आहे, पानं आहेत, सोळा मी सकाळी जाऊन तोडून आणली. दोन तासांत होईल. सिद्धवटाचं पान कोण बघायला जातंय?"

मी पोत्याकडे पाहिलं. पाणी शिंपडायचं राहिलं होतं.

"तुमच्यासाठी म्हणतोय," ते म्हणाले. "आणि वासूसाठी. आणखी सहा वर्षं काढणार तुम्ही? जळगावचे थांबतील? तो परत येणार नाही, वहिनी. यायचा असता तर इथून गाडीने बऱ्हाणपूर किती लांब होतं?"

हे त्यांचं सगळं खरं होतं. मी स्वतः सहा दिवसांपूर्वी उरका म्हटलं होतं.

वासू दाराआडून ऐकत होती. बाहेर आली. "आई, तुला करायचं असेल तर कर. माझ्या लग्नासाठी करू नकोस. पत्रिकेत कै. छापलेलं बघून मला काही बरं वाटणार नाहीये."

मला वाटलं होतं निर्णय घेताना काही तरी होईल, रडू येईल, छाती धडधडेल. काही झालं नाही. मी म्हटलं, "नाही भाऊजी."

"का?"

"बावीस वर्षं हजेरीपट भरतेय. पोर महिनोन्‌महिने येत नाही, लोक सांगतात गाव सोडलं, लोक सांगतात विहिरीत पडलं. दाखला येईपर्यंत नाव कापता येत नाही. गैरहजर लिहायचं, रोज लिहायचं."

"हा हजेरीपट आहे का?"

"मला तेवढंच येतं," मी म्हटलं.

भाऊजींनी खिशातून कागद काढला, म्हणाले, "मग सांदीपनी, मंगळनाथ आणि यादीतली उरलेली सगळी करून टाकू. वेळ आहे."

जाताना सिद्धवटाशी गाडी थांबवायला सांगितली. गुरुजी ओळखून उठले. मी नोंद करायची म्हटलं. त्यांना वाटलं कोणाची, पुरुष कुठे आहे. मग वही दिली, पेनही दिलं. त्याच्या नोंदीच्या खाली जागा होती. लिहिलं :

'दि. ३०-१२-९९. नलिनी, प्राथमिक शिक्षिका, बऱ्हाणपूर. मुलगी वासंती, दीर सुरेश, जाऊ मंदाकिनी सोबत. प्रभाकर गैरहजर.'

गुरुजींनी चष्मा वर करून वाचलं. "असं कोणी लिहीत नाही बाई," म्हणाले. पण खोडलं नाही. आणि नावाआधी सौ. लिहायचं राहिलं का विचारलं. म्हटलं, राहिलं नाही.

मंगळनाथ चांगलं आहे. उंचावर. नदी खाली वळते ती दिसते.

३१ डिसें., शुक्र. बऱ्हाणपूर

निघताना मावशींनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी थांबवलं नाही. तांदूळ सांडले. "नलू, माफ कर ग," म्हणाल्या. मी म्हटलं, पुन्हा आला तर मला पत्र टाका. त्याला शपथ घालू द्या, तुम्ही पत्र टाका. त्यांनी मान हलवली. टाकतील की नाही माहीत नाही.

परतीला भाऊजींनी उतारावर इंजिन बंद केलं नाही. मंदाच्या लक्षात आलं, तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

चोरलच्या घाटात तेच झाड. मंदाने डबे काढले आणि ताटांसाठी इकडे तिकडे पाहू लागली. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. पहिल्या दिवशी आपण कशावर जेवलो तेही. काल तिने ओकारी काढली होती आणि दिवसभर पोत्यापासून लांब बसली होती.

मी पोतं ओढून तोंड सोडलं. वरची पानं वाळली होती, आतली अजून हिरवी. सहा-सहा घेतली, काडीने टाचली. "वहिनी," भाऊजी म्हणाले. मी चार पत्रावळी त्यांच्या, मंदाच्या, वासूच्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मावशींनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती. वाढली.

कोणी हात लावेना.

तेव्हा मला राग आला. आला म्हणजे एकदम, पोटातून. वॉशर आणायला गेला. वॉशर आठ आण्याला मिळायचा, कोपऱ्यावर. मी त्या दिवशी वाट बघून शेवटी चूल पेटवली, वासूला भात दिला, त्याचं ताट झाकून ठेवलं. तीन दिवस रोज संध्याकाळी ताट झाकलं. मग सासूबाई म्हणाल्या, नको ग आता. आणि तो दोन पोळ्या खाऊन, माझं नाव लिहून, निघून गेला. सर्व खुशाल.

मी जेवायला लागले. भराभर. पुरी, भाजी, पुन्हा पुरी. वासूने माझ्याकडे पाहिलं आणि तीही बसली. मग मंदा. भाऊजी शेवटी बसले, डोळ्यांतून पाणी गळत होतं, मिशीत जात होतं, आणि ते जेवत होते. मला बारा वर्षांत अशी भूक लागली नव्हती. दोनदा वाढून घेतलं.

उरलेली पानं मी तिथेच झाडाखाली पसरली. एक गाय आली.

भाऊजींनी घरी सोडताना यादीचा कागद माझ्या हातात दिला. सोळा टिका. अकराव्या ओळीत सिद्धवटापुढचं 'विधी' खोडलेलं, चौकोन रिकामा.

२ जाने. २०००, रवि.

ही पानं डायरीच्या मागच्या कोऱ्या भागात. यंत्रं काही बंद पडली नाहीत. वासू जरा नाराज आहे.

सकाळी स्टोव्हला पंप मारला, हवा निसटते. वॉशर गेला आहे. मी स्वतः जाऊन दोन आणले, एक जास्तीचा.

येताना एस.टी.डी. बूथवरून जळगावला फोन केला. त्यांनी आज करायला सांगितलं होतं. मुलाच्या वडिलांनीच उचलला. वासू काचेबाहेर उभी, ओठ चावत.

"झालं का उज्जैनचं?" त्यांनी विचारलं.

"झालं. छान आहे. वेधशाळा जरूर बघा."

"ते नाही हो. मुलीच्या वडिलांचं काय ते नक्की झालं का?"

मी वासूकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"आहेत," मी म्हटलं. "आमच्याकडे येत नाहीत. पत्रिकेत नुसतं नाव छापा. मागे पुढे काही नको."

"म्हणजे... कसे आहेत ते?"

"खुशाल," मी म्हटलं.

त्यांच्या उत्तराची वाट बघत मी फोन कानाशी धरून उभी होते. मीटरवरचे लाल आकडे पळत होते.